मुकी गाडी

आंजीचे बाबाराव मिस्त्री ‘बंद’ हा शब्द तोंडातून काढत नसत. हसू येईल तुम्हाला, पण खरं आहे. दुकान ते ‘आवरत’, दिवा ‘मालवत’, दाराला ‘लोटून घे’ म्हणत आणि रेडिओला ‘गप कर त्याले’. बाजार बंदची हाक आली तरी हा माणूस गिऱ्हाइकाला सांगणार, “आज सुट्टी हाये बाप्पा.” गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही. माणूस काय बोलतो ते लोक ऐकतात, काय बोलत नाही तिकडे कोणाचं लक्ष असतं? लक्ष होतं ते एकट्या कमलाबाईंचं, त्यांच्या बायकोचं. एकदा जेवायला वाढताना त्यांनी विचारलं, “अहो, तुमी बंद काऊन नाई म्हनत कधी?” बाबाराव अर्ध्या ताटावरून उठले, हात धुतले आणि भर उन्हात अंगणात जाऊन उभे राहिले. कमलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

या शब्दाची गोष्ट सांगायची तर आधी बाबारावांच्या कानाची सांगावी लागते.

आंजी (मोठी) गावाबाहेर, आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका जुन्या कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं शेड होतं. ट्रॅक्टर, जीप, डिझेल इंजिन, विहिरीवरच्या मोटारी, जे येईल ते. शिक्षण सातवी. पण कान असा की सिंदी रेल्वे गावाहून कापसाच्या गाड्या घेऊन लोक येत आणि म्हणत, “बाबारावजी, फक्त ऐका.” वखराचं जुनं रुमणं कापून त्यांनी हातभर दांडा केला होता. त्याचं एक टोक इंजिनला लावायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “तिसरं सिलिंडर. वाल जयला हाये.” उघडून बघावं तर तिसऱ्याचाच वाल्व्ह जळालेला. दहा वेळा खात्री करून घेणाऱ्यांनी शेवटी नाद सोडला.

दुसरी ख्याती अशी, की या शेडला लिंबू-मिरची नव्हती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, बस्स. “आमच्या बापानं छप्पनमंदीच हे सारं इहिरीत टाकलं,” बाबाराव म्हणत. कोणी गिऱ्हाइकाने बंपरला लिंबू बांधून आणलं तर ते तोडून घेत, धूत आणि दुपारच्या सरबतात पिळत. गिऱ्हाइकालाच पेला देत वर. भुताचं लिंबू पिऊन अजून कोणी मेलं नाही, हा त्यांचा ठरलेला विनोद. १९९४ नंतर तो विनोद त्यांनी केला नाही. लिंबं मात्र पिळत राहिले.

१९९४ सालीच मधुकर गेला.

मधुकर त्यांचा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा. बाबाराव इंजिनाचे, मधुकर बिजलीचा. दोघांचा एक नियम होता, आणि तो मधुकरनेच घातलेला. यंत्रात हात घालण्याआधी विचारायचं, “बंद हाये का?” दुसऱ्याने बटनापाशी उभं राहून सांगायचं, “बंद हाये.” ते ऐकल्याशिवाय बोट लावायचं नाही. लोक हसत, दोन भाऊ पोपटासारखे बोलतात म्हणत. हसू द्या. दहा वर्षं त्या दोघांना साधा झटका बसला नव्हता.

चैत्रातली दुपार होती. गावातल्या यशोदाबाईंच्या वावरातल्या विहिरीवर मोटार गरम होत होती. मोटार विहिरीच्या आत, सात-आठ पायऱ्या खाली, दगडी ओट्यावर. मधुकर तिथे. बाबाराव वर, टिनाच्या खोलीत, स्विचच्या डब्यापाशी. मोटार चालवून त्यांनी ऐकलं, बिघाड बेअरिंगचा असल्याचं सांगितलं. एवढ्यात मोटार आपोआप थांबली. लाइन गेली होती. रोज दुपारी जायची ती चारपर्यंत यायची नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. बाबारावांनी विडी काढली.

खालून आवाज आला, “बंद हाये का, दादा?”

“बंद हाये,” बाबाराव म्हणाले आणि काडी ओढली.

डब्याचं हँडल खाली ओढलंच नाही. लाइन नाही तर हँडल कशाला ओढायचं? विडी पेटली, दोन झुरके झाले, आणि लाइन आली. त्या मोटारीला ऑटो लावलेला होता. आपल्याकडे सगळेच लावतात, लाइन आली की मोटार आपली आपण सुरू, वावरात जायला नको. मोटार सुरू झाली. खालून दुसरा काही आवाज आला नाही.

आता यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं. बाबारावांनी आधी हँडल खाली ओढलं आणि मग ते पायऱ्या उतरले. आधी हँडल, मग भाऊ. लोक जमले तेव्हा हँडल खाली होतं. सगळ्यांनी ते पाहिलं. स्विच पडलेला आणि तरी माणूस मेला! मग एक म्हातारी बोलली, की या विहिरीत मागे एका बाईने जीव दिला होता, तिनेच नेला. संध्याकाळपर्यंत गावभर तेच झालं. इहिरीनं घेतला. लिंबं पिळून पिणारे बाबाराव, भुताचं नाव काढलं तर अंगावर येणारे बाबाराव, त्या दिवशी काही बोलले नाहीत. भुताने त्यांचं पाप आपल्या डोक्यावर घेतलं होतं, त्यांनी घेऊ दिलं.

मधुकरची बायको सुलोचना तेव्हा जेमतेम पंचविशीची, मुलगा अंकित सात वर्षांचा. शेजारच्याच खोल्यांत राहत. बाबारावांनी त्यांना काही कमी पडू दिलं नाही. पण नात्याने ते तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. आपल्याकडे धाकटी सून भासऱ्याशी तोंडाने बोलत नाही. पदर पुढे ओढायचा, पाठ फिरवायची आणि काही सांगायचंच असेल तर तिसऱ्याला सांगायचं. “बाई, त्याईले म्हना, पोराच्या शाळेचं पाहाले लागते.” समोर दोन हातांवर बाबाराव उभे असत. आणि बाबारावांना, खरं सांगायचं तर, ती चाल बरी वाटे. तिच्या डोळ्यांत बघावं लागत नव्हतं.

यशोदाबाईंच्या वावरावरून जाताना सुलोचना रोज थांबे. खाली वाकून खडा उचले, विहिरीत भिरकावी आणि तोंडाला येईल ते बोले. रांड, अवदसे, माझं कुंकू खाल्लंस. गावाला त्याची सवय झाली होती. खडा पडल्याचा डुबुक आवाज शेडपर्यंत येणं शक्य नव्हतं, मधे चार वावरं होती. तरी बाबारावांना तो येई. रोज, साधारण अकराच्या सुमारास.

पंधरा वर्षं अशी गेली. २००९ च्या मे महिन्यात ती गाडी आली.

आली म्हणजे कशी? बाबाराव रस्त्याकडे पाठ करून एका ट्रॅक्टरचं चाक खोलत होते. दुपारचे बारा. आर्वी रोडवर चिटपाखरू नाही, डांबर वितळलेलं, कुत्रं कडुनिंबाच्या बुंध्याशी जीभ काढून पडलेलं. बाबाराव उठले, मागे वळले, आणि त्यांच्या गुडघ्याला एक बंपर लागलं. चांदीच्या रंगाची लांबलचक मोटार पाठीशी उभी होती. आवाज नाही, धूर नाही. कुत्र्याने मानसुद्धा वर केली नव्हती. तीस वर्षांत ज्या माणसाच्या पाठीमागे सायकल येऊन उभी राहू शकली नव्हती, त्याच्या मागे आख्खी मोटार आली आणि त्याला कळलं नाही. 

काच खाली झाली. अंकित हसत होता. “भेले ना मोठेबाबा?”

“अबे, ढकलत आनली का?”

“चालवत आनली. हायब्रीड हाये. पेट्रोलवर बी चालते, बॅटरीवर बी. हळू असली की इंजिन झोपते अन् बॅटरी वढते.”

अंकित नागपुरात एका डॉक्टरकडे ड्रायव्हर होता. ही गाडी त्या डॉक्टरांचीच. मागच्या पावसाळ्यात इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं आणि गाडी सीटपर्यंत बुडाली. वाळवली, पुसली, पण तेव्हापासून तिचा भरवसा गेला. कधी चाले, कधी भर रस्त्यात मरे. मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, मागची बॅटरी आख्खी बदला, बाहेरदेशातून येईल, कधी येईल सांगता येत नाही. डॉक्टर कंटाळले आणि त्यांनी गाडी अंकितच्या गळ्यात घातली. अंकितने नोकरी सोडली. सेवाग्रामच्या दवाखान्यातले पेशंट नागपूरला न्यायचे, आणायचे. हिसका नाही, आवाज नाही, पेशंटला झोप लागेल अशी गाडी. सगळं त्याने मनात मांडून ठेवलं होतं.

“फक्त बॅटरीचं काम हाये,” तो म्हणाला. “तुमी ऐका एकदा.”

बाबारावांनी दांडा आणला. बॉनेटखाली लावला. इंजिन झोपलेलं. कान दगडाला लावावा तसं. मग ते मागच्या सीटवर बसले, कारण बॅटरी सीटच्या पाठीमागे लोखंडी पेटीत होती. पाठीला दांडा टेकवला आणि डोळे मिटले. पहिल्यांदा काहीच नाही. मग कोणीतरी श्वास घेतला. लांब, सावकाश, सीटच्या अगदी मागे. घेतला आणि सोडलाच नाही, नुसता घेतच राहिला.

बाबाराव दार उघडून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातातला दांडा घामाने ओला होता.

“पंखा हाये तो,” अंकित म्हणाला. “बॅटरी गार कराले. पुस्तकात लिवलं हाये.”

पंखा असेलही. पंखाच होता. पण कमलाबाई संध्याकाळी शेडमध्ये दिवा घेऊन आल्या, गाडीजवळ गेल्या आणि तशाच माघारी फिरल्या. “त्या गाडीत कोनतरी निजलं हाये,” एवढंच म्हणाल्या. बाबाराव ओरडले, “येडी हायेस का? आपल्यात असलं बोलते का कोनी?” ओरडले जरा जास्तच.

दुसऱ्या दिवसापासून गंमत बघायला गाव लोटलं. बाबारावजी करते का नाई, यावर चहाच्या पैजा लागल्या. बाबाराव गाडीभोवती फिरत, वाकत, पुन्हा उभे राहत, पण पाना काही लावत नव्हते. अंकित इंग्रजी पुस्तकातला एकेक शब्द लावून वाचून दाखवी. नारिंगी वायरला हात लावू नये. पेटी उघडू नये. उघडायचीच तर आतला खटका पाडावा, वाट बघावी, मग मीटर लावावं.

“असं सारेच लिवते,” अंकित म्हणे. “मिक्सरच्या पुस्तकात बी लिवते.”

“नागपूरले घेऊन जा, बाप्पा.”

“काऊन? तुमाले येत नाई काय?”

बाबारावांना येत नव्हतं असं नाही. भीती त्याची नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य आवाजावर उभं होतं. चालू म्हणजे आवाज, आवाज गेला म्हणजे मेलं. एकदाच हा हिशेब चुकला होता आणि त्यात भाऊ गेला. आता हे यंत्र दारात उभं होतं, ते चालू असतानाही मुकंच. ते कधी जिवंत असतं आणि कधी नाही, हे त्यांना कान देऊन कळणार नव्हतं. हे अंकितला सांगायचं तर विहिरीचं सांगावं लागलं असतं. मग ते म्हणत, “पाहू उद्या.”

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बाबाराव शेडच्या भिंतीशी पाय पसरून बसले होते. गाडी समोर, पंधरा-वीस हातांवर. आत कोणी नाही. अंकित नळावर तोंड धूत होता, तो त्यांना दिसत होता. आणि गाडी हलली. अगदी सावकाश, बाई झोपलेल्या लेकराजवळून जाते तशी, त्यांच्याकडे यायला लागली. मातीवर टायर फिरल्याची कुसकुस, बाकी काही नाही. बाबारावांना उठता येईना.  आता बोला, टिनाच्या भिंतीत आणि गाडीच्या तोंडात माणूस, आणि माणूस बसलेला! पायांच्या तळव्यांपासून वीतभर अंतरावर पुढचं चाक एका पहारीला अडलं आणि गाडी थांबली. सीटमागचा तो श्वास सुरूच होता.

अंकित धावत आला. “अव माय! मले वाटलं बंद हाये. आवाजच नाई ना तिचा. गिअरमंदीच राह्यली.”

मले वाटलं बंद हाये. बाबारावांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांना ओकारी आली. भिंतीला धरून ते उठले, मागे गेले आणि खरोखरच ओकले.

रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, “मी हे काम करत नाई.”

अंकितचा चेहरा पडला, मग ताठ झाला. “ठीक हाये. मी करतो. माह्या बापाचे पाने हायेत घरी. उद्याच उघडतो.”

“उघडजो नको.”

“काऊन? कारन सांगा ना मोठेबाबा. तीन दिवस झाले, नुसतं नको नको. माहा बाप असता तं त्यानं एका दिवसात करून देल्ली असती.”

दाराआड सुलोचना उभी होती. पदर ओढलेला. कमलाबाईंना ती हळू म्हणाली, “बाई, त्याईले म्हना, पोराच्या हाती एकट्याच्या नका देऊ. पोरगा आयकत नाई, त्याईनं सोबत राहावं.”

झालं.  ‘माहा बाप असता’ हे ऐकल्यावर बाबाराव नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? सोबत राहिलो तर निदान लक्ष तरी राहील, असं त्यांनी मनाला समजावलं आणि मान हलवली.

चौथ्या दिवशी सकाळीच काम काढलं. बाबारावांनी आपल्या हाताने पुढच्या छोट्या बॅटरीचा मायनस काढला. कोणत्याही मिस्त्रीला विचारा, मायनस काढला की गाडी मेली, हे पहिल्या दिवशी शिकवतात. वायरचं टोक ते हातात धरून राहिले, चुकूनही टेकू नये म्हणून. सीटमागचा श्वास थांबला होता. मागे अंकितने सीटची पाठ काढली, पेटीचे बोल्ट खोलले, झाकण उचललं.

“मोठेबाबा! काईच नाई हो! पट्ट्याइले हिरवं चढलं हाये. पान्यानं खोलतो, घासतो, अन् लावतो. घंट्याभराचं काम!”

बाबाराव वाकून बघायला गेले नाहीत. ते पुढे, वायर धरून. ऊन वर आलं होतं. बाराला पाच-दहा मिनिटं असतील. फाटकातून सुलोचना जेवणाचा डबा घेऊन येताना दिसली. भासरे दिसताच तिने पदर ओढला आणि कडुनिंबाकडे तोंड करून उभी राहिली. मधुकर गेला त्या दिवशीही ती अशीच डबा घेऊन आली होती, लोक जमल्यानंतर.  मागे पाना पेटीवर खणकला.

आणि मागून आवाज आला, “बंद हाये का, दादा?”

विहिरीतून यावा तसा, थोडा ओला, थोडा लांबचा. घाई नाही, धाक नाही, रोजचाच. बाबारावांचं तोंड आपोआप उघडलं. दहा वर्षांची सवय होती हो ती! जिभेवर शब्द आला, दातांपर्यंत आला. मायनस हातात होता, गाडी गप्प होती, सगळीकडे शांत होतं. तेव्हाही असंच शांत होतं.

“थांब!” ते किंचाळले. “हात काढ! अंकित, हात काढ म्हनतो!”

ते धावत मागे गेले. अंकितचा पाना पट्टीपासून चार बोटांवर होता. त्याचं मनगट धरून बाबारावांनी त्याला असा ओढला की दोघंही मातीत बसले.

“काय झालं?”

“मीटर आन.”

“मायनस तं काढला तुमी.”

“मीटर आन!”

मीटरच्या दोन सुया बाबारावांनी स्वतः टेकवल्या.  व्होल्टचे आकडे नाचले आणि थांबले. एकशे अठ्ठावन्न. पुन्हा टेकवल्या. एकशे अठ्ठावन्न. पुढे मायनस काढून गाडी मारली म्हणून समजलेले दोघं, आणि मागे ही बया गप्पपणे जागीच होती. पुस्तकातला तो खटका कोणी पाडलाच नव्हता.

अंकितने आकडा स्वतः वाचून पाहिला.  मग म्हणाला, “तुमाले कसं समजलं?”

“तू इचारलं ना. बंद हाये का म्हनून.”

“मी नाई इचारलं.”

“दादा म्हनलं तू.”

“मी तुमाले दादा कायले म्हनीन, मोठेबाबा? मी तं बोललोच नाई. बोल्ट मोजून राह्यलो होतो.”

कडुनिंबाखाली सुलोचना पाठमोरी उभी होती. ती बोलली असण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्यावर कोणी नव्हतं. बाबारावांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग त्या उघड्या पेटीत बघितलं आणि मातीत बसल्या बसल्या सांगायला सुरुवात केली. लाइन गेली तिथून. विडी, काडी, खालून आलेला आवाज, आपण दिलेला जबाब. ऑटो. मग हँडल. “आधी हँडल वढलं. मग खाली गेलतो. इहिरीनं नाई नेला तुह्या बापाले. मी म्हनलं बंद हाये, अन् बंद नोतं.” रडत नव्हते. गिऱ्हाइकाला बिघाड सांगावा तसं सरळ सांगत होते, आणि ते ऐकायला जास्त भयंकर होतं.

 सुलोचनाच्या हातातल्या डब्याचं झाकण थरथरून वाजत होतं, तेवढा आवाज येत होता. मग तोही थांबला.

सुलोचना वळली. पदर डोक्यावरून खांद्यावर पडला होता, तो तिने सावरला नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती भासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलली. चाळिशीची झाली होती ती. केस पांढरे झालेले बाबारावांनी आज पाहिले.

“मधात दुसरं कोनी नाई,” ती म्हणाली. “मलेच सांगा. हँडल वर होतं?”

“वर होतं.”

“अन् मी त्या इहिरीले पंधरा वर्सं शिव्या देल्या.”

डबा तिने पहारीशेजारी ठेवला आणि निघून गेली. अंकित तिच्या मागे गेला. बाबारावांनी पेटीवर झाकण ठेवलं, चुन्याच्या डब्यात फडका बुडवला आणि गाडीच्या चांदीसारख्या बॉनेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : चालू आहे. हात लावू नये. पुढे आठवड्याने टेम्पोवर घालून ती नागपूरला एका जाणकाराकडे गेली, ती कधी परत आली नाही. अंकितही पुन्हा नोकरीवर गेला. पण ते नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव ओसरीवर बसले होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. सुलोचना समोर येऊन उभी राहिली, पदर साधाच.

“काल मी यशोदाबाईच्या वावरात गेलती,” ती म्हणाली. “ते मोटार आजून ऑटोवरच हाये. तिचा जावई खाली उतरते रोज. जाऊन काढून या.”

भाऊजी म्हणाली नाही, दुसरंही काही म्हणाली नाही. माफ केलं असंही नाही, नाही केलं असंही नाही. काम सांगितलं आणि गेली.

बाबाराव एकटेच गेले. टिनाची खोली तीच, डबा नवा. लाइन होती, मोटार चालू होती. त्यांनी हँडल खाली ओढलं. फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घातले. मीटर लावलं, आकडा शून्य आला, पुन्हा लावलं, पुन्हा शून्य. मग ऑटोच्या तारा तोडल्या. विहिरीच्या काठाशी येऊन ते उभे राहिले. खाली पाणी काळं होतं आणि पाण्याच्या कडेला पंधरा वर्षांच्या खड्यांचा ढीग वर आला होता.

कोणी विचारलं नव्हतं. तरी ते म्हणाले, “बंद हाये.”

विहिरीतून आवाज परत आला. बाबारावांनी डोळे मिटले आणि आयुष्यभर इंजिन ऐकलं तसं तो नीट ऐकला. त्यांचाच होता. दुसरा कोणाचा नव्हता. मग ते पाने घेऊन खालच्या मोटारीकडे पायऱ्या उतरू लागले.